लाकडास धक्का न लावता

घरातील एखादी वस्तू नेमकी कोणाची, हा प्रश्न ती सुखाने वापरात असेतोवर कोणी विचारीत नाही. तिच्यात काही फेरफार करावयाची वेळ आली, म्हणजे मात्र जो तो आपापला हक्क सांगू लागतो, आणि कारागिराचे हत्यार अधांतरी थांबते. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात असेच एक हत्यार थांबले. ते होते लाकूड कोरणारे, विजेवर चालणारे राउटर; आणि वस्तू होती एक इलेक्ट्रिक गिटार. या सदरात आजवर आम्ही पुरणयंत्र, तांब्याचा बंब, मोडी कागद अशा विषयांवर पाने खर्ची घातली. गिटारीवर लेखणी चालवावी लागेल असे स्वप्नातही आले नव्हते. परंतु वाचकहो, योग आला खरा.

ही गिटार आमच्या धाकट्या बंधूंची. मस्कतला नोकरीस असताना त्यांनी ती घेतली आणि १९९८ साली बेळगावास परतताना कपड्यांच्या बोचक्यात गुंडाळून आणली. लेस पॉल म्हणतात त्या धाटणीची, कोरियात बनलेली. भरीव अंगाची, पोट किंचित कमानदार, आणि वजन असे की खांद्यावर पट्टा घेऊन तासभर उभे राहणाऱ्याची कीव यावी. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या स्वागतसमारंभात ते ती वाजवीत. २०२१ सालच्या साथीत बंधू गेले. त्यानंतर दोन वर्षे गिटार खुंटीवर होती. मग आमच्या पुतणीने ती खाली काढली, तारा बदलल्या, आणि वडिलांच्या जुन्या कॅसेटी ऐकून ऐकून ती वाजवू लागली.

येथवर सारे कौतुकाचेच होते. अडचण निघाली ती बंधूंच्या एका लकबीतून. गाण्याच्या शेवटी सहाही तारांचा झंकार करून ते तो झंकार पाण्यावरच्या सावलीसारखा हलवीत असत. त्यासाठी त्यांच्यापाशी कसलेही उपकरण नव्हते. एका हाताने गिटारीचे अंग धरून दुसऱ्या हाताने ते तिची मान पुढेमागे रेटीत. मान पुढे रेटली की तारा सैलावतात व स्वर उतरतो, मागे ओढली की तारा ताणतात व स्वर चढतो. ऐकावयास गोड, पण लाकडाच्या दृष्टीने हा अघोरी प्रकार होय. नेहमीच्या जाडीच्या सहा तारा स्वरात लावल्या असता मानेवर मिळून चाळीस किलोंहून अधिक ताण असतो, आणि त्यावर हा धसमुसळेपणा. त्यातून या धाटणीच्या गिटारीचे डोके मागे कललेले असते, आणि डोके व मान यांच्या सांध्याशी, आतील लोखंडी सळईसाठी लाकूड पोखरलेले असल्याने, नेमकी तेथेच ती नाजूक असते. बंधूंची गिटार एकदा तेथेच मोडली होती. त्यांनी स्वतः सरस भरून, शिकंजे लावून ती सांधली होती. सांध्याची काळपट रेघ आजही दिसते. पुतणी वडिलांची हुबेहूब नक्कल करू लागली तेव्हा ती रेघ पाहून आमच्या भावजयीच्या पोटात गोळा उठू लागला.

पुतणीलाही हे कळत होते. तिनेच तोड काढली. "काका, यासाठी वेगळा दांडा मिळतो. तो हलवला की तारा सैल होतात, मानेला हात लावावा लागत नाही." आम्ही तिला घेऊन गावातील एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानी गेलो. तेथील गृहस्थ तरबेज होते. त्यांनी गिटार पालथी घातली, पाठीवर पट्टी ठेवून पेन्सिलीने एक लांबट चौकोन आखला, पोटावर दुसरा, आणि एवढे लाकूड कोरून काढले की काम झाले, असे सांगितले. घरी येऊन हे भावजयीस सांगताच ती एवढेच म्हणाली, "भावोजी, मोडलेली त्यांनी सांधली. तिला आता आपण भोक पाडायचं?"

या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुतणी वाजविणार, म्हणून हक्क तिचा. आणि ज्याने मोडलेली मान सांधली त्याच्या हातची खूण त्या लाकडात, म्हणून हक्क भावजयीचाही. लाकूड कोरले की ते परत भरता येते, पण ते भरलेलेच राहते. तेव्हा न कोरता हे साधते काय, एवढा एकच प्रश्न उरला, आणि त्याच्या पाठीमागे आम्ही दोन महिने घालविले.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. या दांड्याला सारे जग ट्रेमोलो म्हणते. वास्तविक पाश्चात्त्य संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे. स्वराची उंची खालीवर होणे याला व्हायब्रॅटो हा शब्द आहे. म्हणजे आपण ज्याला आंदोलन म्हणतो त्याच्या जवळचे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने १९५४ साली आपली स्ट्रॅटोकास्टर गिटार काढली, तीवरील दांड्याला ट्रेमोलो असे नाव दिले, आणि आपल्या ध्वनिवर्धकांवर खरोखरच आवाज लहानमोठा करणारी जी सोय होती तिला व्हायब्रॅटो म्हटले. दोन्ही नावे अदलाबदल झाली आणि आजतागायत तशीच रूढ आहेत. मराठीच्या शिक्षकाला अशा गोष्टींनी उगाच अस्वस्थ वाटते, असो.

दुकानदाराने आखलेले चौकोन या फेंडरच्याच रचनेचे होते. तीत तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडीच हलती असते. घोडीखाली धातूचा जड ठोकळा असतो, तो अंगात आरपार पाडलेल्या खाचेत लोंबतो, आणि पाठीमागच्या पोकळीत बसविलेल्या तीन ते पाच स्प्रिंगा त्याला तारांच्या उलट ओढून धरतात. एकीकडे तारांचा ताण, दुसरीकडे स्प्रिंगांचा. तराजू समतोल असेतो स्वर जागेवर. रचना मोठी चतुराईची आहे, पण तिला खाच आणि पोकळी हवीच. शिवाय लेस पॉल धाटणीत मान मागे कललेली व घोडी उंचावर असते. तेथे ही सपाट पोटासाठी बनविलेली घोडी सरळ बसतही नाही. म्हणजे दुकानदाराचे ऐकले असते तर खोदकाम करूनही पुढे आणखी खटपट उरलीच असती.

फेंडरच्याही आधीची एक रचना आहे, आणि तिचा इतिहास आम्हांला अधिक भावला. पॉल बिग्सबी हा कॅलिफोर्नियातील साच्यांचे काम करणारा कारागीर, मोटारसायकलींचा नादी. मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या प्रसिद्ध वादकाच्या गिटारीवर कॉफमन नावाच्या संशोधकाने बनविलेला एक दांडा होता. तो हलविला की तारा पुन्हा मूळ स्वरावर येतच नसत. ट्रॅव्हिसने तो दुरुस्तीसाठी बिग्सबीकडे आणला. दुरुस्ती करण्याऐवजी बिग्सबीने नवाच दांडा घडविला. १९६८ साली बिग्सबी वारला. त्याचे नाव व ते उपकरण २०१९ पासून फेंडर कंपनीच्याच मालकीचे आहे, हा काळाचा विनोद.

बिग्सबीच्या रचनेत घोडीला हात लावलेला नाही. ती आपल्या जागी स्थिर. घोडीच्या मागे, तारांची टोके जेथे अडकवितात तेथे, एक फिरता रूळ असतो. रुळावर सहा खुंट्या असतात, प्रत्येक तारेच्या टोकाचा पितळी मणी एकेका खुंटीत अडकतो. तार रुळाला वळसा घालून, दुसऱ्या एका आडव्या दांडीखालून पुढे घोडीवर जाते. रुळाला वादकाच्या हाताशी येणारा दांडा जोडलेला, आणि दांड्याखाली एकच जाडजूड उभी स्प्रिंग. दांडा दाबला की रूळ किंचित फिरतो, तारा सैलावतात. सोडला की स्प्रिंग त्यांना परत आणते. सारे यंत्र पोटाच्या वर. आत काहीच नाही.

तरीही ते पोटावर घट्ट बसविण्यासाठी स्क्रूची चार भोके लागतातच. खोदकाम टळले, तरी गिरमिट आलेच. येथे एक जोडपट्टी कामी येते. लेस पॉल धाटणीत तारांची टोके टेलपीस नावाच्या आडव्या पट्टीत अडकविलेली असतात, आणि ती पट्टी दोन जाड बोल्टांवर उभी असते. हे बोल्ट लाकडात ठोकलेल्या धातूच्या नळ्यांत फिरतात. टेलपीस काढून त्याच दोन नळ्यांत जोडपट्टी आवळावयाची, आणि बिग्सबीचे यंत्र लाकडाऐवजी त्या पट्टीवर बसवावयाचे. व्हायब्रामेट या नावाने अशा पट्ट्या मिळतात. जर्मनीतील ड्यूसेनबर्ग कंपनीचा लेस ट्रेम हाही असाच दोन बोल्टांच्या जागी बसणारा, आणि आकाराने आटोपशीर. आम्ही त्याचाही विचार केला होता. पण पुतणीचे मन बिग्सबीच्या त्या वाकड्या, चकचकीत दांड्यावर बसले होते, आणि वाजविणार तीच.

माल आला. एका रविवारी सकाळी माजघरात चादर अंथरून आम्ही दोघे बसलो. भावजय दारात उभी. काढण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीचे माप घेऊन ठेवावे, ही आमची सूचना. शाळेतील प्रयोगवहीची सवय. घोडीची दोन्ही बाजूंची उंची, बाराव्या पडद्यावर तारांची उंची, टेलपीसचे पोटापासूनचे अंतर, असे सारे एका कागदावर उतरविले. मग एकेक तार थोडीथोडी सैल करीत टेलपीस काढला. जोडपट्टी ठेवली. बोल्ट लावला. तो दोन वेढे फिरला आणि अडला.

जोर लावण्याचा मोह किती अनिवार असतो, हे ज्याने कधी मळसूत्र आवळले आहे त्यास सांगावयास नको. पुतणीने पाना पुढे केलाही. आम्ही थांबलो याचे श्रेय शहाणपणास नसून भावजय दारात उभी होती यास आहे. नीट पाहता उलगडा झाला. आलेले बोल्ट अमेरिकन इंची मापाचे होते, आणि कोरियन गिटारीतील नळ्या मेट्रिक. पहिल्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८. डोळ्यांना हा भेद दिसणे अशक्य. पण आट्यांमधील अंतर एकात १.०६ मिलिमीटर, दुसऱ्यात १.२५. पहिले दोन वेढे दोन्ही एकमेकांशी गोडीने वागतात, तिसऱ्याला हातघाईवर येतात. तेथे पाना फिरविला असता तर आटे कापले गेले असते, नाहीतर नळीच लाकूड घेऊन वर आली असती. दोन महिने जे टाळले ते एका मिनिटात पदरी पडले असते. विकणाऱ्याने दोन्ही मापांचे बोल्ट पाठविणे योग्य होते. पाठविले नाहीत, आणि विचारल्यावर उत्तरही आले नाही. आमच्या बेळगावात उद्यमबाग आहे हे भाग्य. तेथील एका लेथवाल्याने जुन्या बोल्टांवरून त्याच आट्यांचे, हव्या त्या माथ्याचे दोन बोल्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कातून दिले. ते पहिल्या वेढ्यापासून शेवटापर्यंत बोटांनी फिरले.

पट्टी आवळण्यापूर्वी पहिल्या व सहाव्या तारेच्या जागी शिवणाचा दोरा ताणून पाहिला, आणि मानेच्या दोन्ही कडांपासून दोऱ्यांचे अंतर सारखे येईतो पट्टी हलविली. यानंतर पुतणीने एक गोष्ट केली, जी आम्हांस सुचली नसती. गिटारीच्या आतील तारकामातून एक बारीक वायर टेलपीसच्या नळीला जोडलेली असते. तिच्यामुळे तारांना अर्थिंग मिळते. ते तुटले तर ध्वनिवर्धकातून घूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि लोक नव्या यंत्रास दोष देतात. तिने मल्टिमीटरचे एक टोक तारेला व दुसरे जॅकच्या बाहेरील कड्याला लावले. काटा शून्यावर. बोल्ट, पट्टी, रूळ, तार, सारे धातूचेच असल्याने वाट अखंड राहिली होती.

तारा चढविणे हे मात्र वैतागाचे काम. मणी खुंटीत घालावा, तार रुळावरून वळवावी, तो इकडे मणी सुटतो. अखेरीस तारेचे टोक आधी पेन्सिलीभोवती वाकवून त्याला आकडीसारखे वळण दिले, तेव्हा ते रुळावर टिकले. वरच्या टोकास तार खुंटीत जाईपर्यंत दुसऱ्या कोणी पहिल्या पडद्यावर बोटाने दाबून धरावी. हे काम भावजयीने केले. तिला कोणी सांगितले नव्हते.

सर्व तारा लागल्या, दांडा दाबला, सोडला. पाच तारा घरी परतल्या. तिसरी तार परतली ती जरा चढून. पुन्हा दाबले, पुन्हा चढली. आणि मानेच्या वरच्या टोकाशी टक् असा आवाज आला. दोष तेथेच होता. दांडा दाबला की तारेचा वाजणारा भाग सैलावतो, आणि डोक्याकडील ताणलेला भाग नटाच्या खाचेतून थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. दांडा सोडल्यावर ती तार परत सरकावी. पण खाच आवळ असेल तर ती तेथेच अडकते, वाजणारा भाग जास्त ताणला जातो, आणि स्वर चढा राहतो. या धाटणीत तिसरी व चौथी तार नटापासून खुंटीकडे तिरपी वळते, म्हणून त्यांचा त्रास अधिक.

नटावर कानस चालविण्याचे धाडस आमच्यात नव्हते. मिरजेस एका लग्नासाठी जाणे होतेच. गिटार बरोबर घेतली. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांनी वृत्तपत्रांत वाचले असेल. तेथील एका वयस्क कारागिराने गिटार मांडीवर घेतली, तिसरी तार दोनदा छेडली, आणि काही न विचारता बारीक कानशीने खाचेच्या भिंती अगदी केसभर मोकळ्या केल्या. तळाला हात लावला नाही. तळ खाली गेला तर तार पडद्यावर खरखरेल. मग शिसपेन्सिलीचे टोक खाचेत घासून काळे केले. पेन्सिलीतील ग्राफाइट हे उत्तम वंगण. जवारी काढणाऱ्या हातांना तार कोठे अडते हे वेगळे शिकवावे लागत नाही. बिग्सबीचा दांडा मात्र त्याने चार-पाच वेळा दाबून पाहिला आणि हसला.

त्याच्या हसण्याचे कारण आम्हांस परतीच्या गाडीत उमगले. सतारीवर मींड काढताना तार पडद्यावर आडवी ओढतात, म्हणून स्वर वरच चढतो, आणि एकाच तारेचा चढतो. कसलेला हात एका पडद्यावरून पाच स्वरांपर्यंत जातो. हा दांडा मुख्यतः खाली उतरवितो, आणि सहाही तारा एकदम. उतरवितो तरी किती? अर्धा स्वर, फार तर एक. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, तेव्हा तिसऱ्या तारेस १९६ कंपनांवरून अर्धा स्वर खाली, १८५ वर, आणावयाचे तर तिचा ताण सुमारे अकरा टक्के कमी करावा लागतो. रूळ साऱ्या तारांना सारखाच सैल सोडतो, पण त्या वेगवेगळ्या जाडीच्या असल्याने सारख्या उतरत नाहीत. म्हणून झंकार उतरताना किंचित विस्कटतो आणि वर येताना पुन्हा जुळतो. तोच तर त्यातला गोडवा. परदेशी रॉक वादक फेंडर किंवा फ्लॉइड रोझ याच्या रचनेवर तारा पार लोंबू लागेपर्यंत स्वर पाडतात. ते याला जमणार नाही. पुतणीला ते हवेही नव्हते. ज्याला ते हवे त्याने राउटरच गाठावे, आणि नवी गिटार घेऊन तीवर गाठावे.

दसऱ्याच्या संध्याकाळी शस्त्रपूजेत पुस्तकांशेजारी गिटार ठेवली होती. पूजा झाल्यावर पुतणीने ती उचलली आणि वडिलांच्या कॅसेटीतील एका गाण्याचा शेवट वाजविला. झंकार झाला, दांडा तीन वेळा हलकेच दबला. मान स्थिर होती. भावजय देवघरापाशी बसली होती. ती म्हणाली, "यांचा थोडा जास्त हलायचा." पुतणीने दांड्यावरचा हात थोडा लांब, टोकाकडे धरला व पुन्हा वाजविले.

तिसरी तार दमट हवेत अजून क्वचित हट्ट करते. घोडीच्या जागी छोट्या चाकांची घोडी बसविली तर तेही जाईल असे म्हणतात. ती जुन्याच खांबांवर बसते, तेव्हा हरकत नसावी. जुना टेलपीस, त्याचे दोन बोल्ट आणि मापांचा कागद एका बिस्किटाच्या डब्यात घालून भावजयीने कपाटात ठेवला आहे. गिटारीच्या पाठीवर दुकानदाराने आखलेला पेन्सिलीचा चौकोन मात्र सर्वांच्या विस्मरणात गेला होता. तो परवा दिसला. ओल्या फडक्याने पुसला.